प्लॉट बघायला जाताना नकाशा आणि रिकामा डबा घ्या

सांगलीत प्लॉट घ्यायचाय? एजंटला नंतर भेटा, आधी जुना गाव नकाशा काढा. माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली, तरी साडूनं दोन गुंठे घेतले तेव्हा मला विचारलं नाही. विकणारा म्हणाला, "इथं पुराचं पाणी येतच नाही." 2019 ला आलं आणि आठवडाभर हललं नाही.

नकाशात ओढा दुहेरी रेघेनं काढलेला असतो. ती रेघ धरून जागेवर पायी चाला. साडूच्या इथं कागदावर चांगला बारा पावलं रुंद ओढा. जागेवर दोन फुटी पाइप आणि त्यावर मुरूम दाबून केलेला रस्ता.

आता हिशेब. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, टँकरभर पाणी. रान असतं तेव्हा त्यातलं थोडं मुरतं, थोडं बांधाला अडतं, उरलेलं सावकाश ओढ्याला लागतं. काँक्रीट केलं की जवळजवळ सगळा टँकर लगेच ओढ्यात. असे किती गुंठे त्या एका पाइपात येतात, ते मोजा.

मुरवण बघायला रंगाचा डबा दोन्हीकडून कापा, जमिनीत दोन बोटं रोवा, लिटरभर पाणी ओता. उन्हाळ्यात करू नका. काळ्या रानाला तेव्हा भेगा असतात, पाणी गडप होतं आणि आपण फसतो. जुलैत माती फुगली की खरं कळतं. साडूच्या चिंचेखाली चहा होईस्तोवर पाणी जिरलं. मुरमावर ओतलेलं जेवून आलो तरी तसंच.

नदी लांब आहे यावर जाऊ नका. कृष्णा फुगली की पाणी नाल्यातनं उलटं शहरात चढतं. शेरीनाल्याकाठी कुणालाही विचारा. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या. दोन्ही बघा.

खरं सांगायचं तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलेला 2019 चा पूर ओढे मोकळे असते तरी आलाच असता. कोयना-वारणेच्या खोऱ्यांत पाऊसच तसा कोसळला होता. पण नदी इशाऱ्याच्या 40 फुटांच्या आत असताना गल्लीत गुडघाभर साचतं, ते आपण घरी केलेलं.

जाता जाता शेजारच्या जुन्या घरांच्या मागच्या भिंती बघा. पुढच्या रंगवतात, मागच्या तशाच राहतात. गाळाची रेघ दिसली की टेप लावा. साडूच्या घरामागं ती माझ्या छातीला लागते.