कोऱ्या रकान्यातील पणजोबांचा शोध: डीएनए मॅच आणि जुन्या नोंदी एकत्र कशा वाचाव्यात

माझ्या आजोबांच्या जन्मनोंदीत वडिलांच्या नावाचा रकाना कोरा होता. तो भरण्यासाठी मी काही वर्षे खर्च केली आणि त्यानंतर इतर अनेक कुटुंबांसाठी हेच काम केले. वंशावळीत अशीच एखादी जागा रिकामी असेल, तर पुढील क्रम उपयोगी पडेल.

डीएनए चाचणी प्रथम कुटुंबातील सर्वांत वयस्कर हयात व्यक्तीची करावी, कारण प्रत्येक पिढीत पूर्वजाचा डीएनए साधारण निम्मा होत जातो आणि आपल्या आत्याकडे असलेला पुरावा आपल्यापर्यंत पोहोचलेला असेलच असे नाही. नमुना देण्यापूर्वी तिला स्पष्ट विचारावे की अनपेक्षित नाव समोर आले तर तिला ते ऐकायचे आहे का. निकालासोबत येणारा, मुळांची टक्केवारी दाखवणारा रंगीत नकाशा बाजूला ठेवावा. अज्ञात पूर्वजाचे नाव शोधण्यासाठी तो निरुपयोगी आहे. मॅच म्हणजे चाचणी केलेली अशी दुसरी व्यक्ती, जिचा डीएनए आपल्याशी अंशतः जुळतो; हा जुळणारा वाटा सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. २० सेंटिमॉर्गनच्या खालच्या मॅचही सुरुवातीला उघडू नयेत, कारण अगदी लहान तुकड्यांपैकी बरेचसे केवळ योगायोगाने जुळलेले असतात.

त्यानंतर मॅचचे गट पाडावेत. वंशावळ संशोधक डॅना लीड्स यांनी २०१८ साली मांडलेली रंगांची पद्धत यासाठी पुरेशी आहे: साधारण ४०० ते ९० सेंटिमॉर्गनमधील मॅच उतरत्या क्रमाने लिहून पहिल्या मॅचला आणि तिच्याशी सामायिक असलेल्या सर्वांना एक रंग द्यावा, मग रंग न मिळालेल्या पुढच्या मॅचला दुसरा. बहुतेक वेळा चार गट पडतात, प्रत्येक आजी-आजोबांचा एक. ज्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह झाले आहेत तिथे रंग एकमेकांत मिसळतात आणि एकूण आकडाही फुगतो, म्हणून तिथे एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा किती आहे हे आधी पाहावे.

खरी अडचण आता सुरू होते. इथेच मी चौदा महिने वाया घालवले, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

आजोबांच्या गटात एक बाई होत्या. त्यांचा आणि माझा सामायिक डीएनए २१२ सेंटिमॉर्गन होता. चाचणी कंपनीच्या संकेतस्थळाने त्यांच्या नावापुढे ‘सेकंड कझिन’ (म्हणजे सख्ख्या भावंडांची नातवंडे) असे लिहिले होते आणि मी ते नाते म्हणून स्वीकारले. ते नाते नव्हते, तो केवळ एका आकड्याला चिकटवलेला अंदाज होता. जनुकीय वंशावळीचे अभ्यासक ब्लेन बेटिंगर यांच्या ‘शेअर्ड सेंटिमॉर्गन प्रोजेक्ट’च्या २०२० च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० ज्ञात नात्यांचे आकडे एकत्र केले आहेत. त्यानुसार आजोबांच्या सख्ख्या भावाच्या नातवंडाशी आपला सरासरी वाटा २२९ असतो, आजोबांच्या सावत्र (वडील एकच, आई वेगळी) भावाच्या मुलाशी २२४ आणि पणजोबांच्या सख्ख्या भावाच्या मुलाशी २२१. तीन वेगळी नाती, दोन वेगवेगळ्या पिढ्यांतील सामायिक पूर्वज, आणि सरासरीत आठ सेंटिमॉर्गनचाच फरक. त्यातच पहिल्या नात्याची नोंदलेली व्याप्ती ४१ ते ५९२ इतकी आहे. आकडा पाहून नाते सांगणाऱ्या कोणत्याही सल्ल्यावर विश्वास ठेवू नये, हे माझे ठाम मत आहे.

‘सेकंड कझिन’ मानल्यामुळे मी त्या बाईंच्या पणजोबांना माझेही पणजोबा ठरवले आणि त्यांच्या आयुष्याच्या नोंदी उपसत बसलो. दोन साध्या गोष्टी मी तपासल्या नव्हत्या. पहिली म्हणजे पूर्ण सेकंड कझिन होण्यासाठी पणजोबा आणि पणजी दोन्ही सामायिक असावे लागतात. माझी पणजी नोंदींतून पक्की ठाऊक होती आणि त्या बाईंच्या वंशावळीत ती कुठेही नव्हती, शिवाय पणजीच्या माहेरच्या एकाही मॅचशी त्या बाई जुळत नव्हत्या. म्हणजे सामायिक होता तो एकटा पुरुष आणि नाते सावत्र होते. दुसरी गोष्ट वयाची. त्या माझ्या नव्हे, माझ्या आत्याच्या पिढीतील होत्या, आणि जन्मसाल विचारण्याचे पत्र मी पहिल्याच दिवशी पाठवायला हवे होते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. संकेतस्थळाचा शब्द वापरायचाच नाही. ‘आजोबांच्या सावत्र भावाची मुलगी’ अशी कोण कोणाचे कोण याची पूर्ण साखळी लिहायची आणि शक्य असलेली प्रत्येक साखळी शेजारी शेजारी मांडायची. मग दुसऱ्या पिढीतील व्यक्तीचा आकडा घेऊन त्या साखळ्या तपासायच्या. आत्याचा त्या बाईंशी वाटा ४६१ निघाला. त्या बाईंचे आजोबा हेच आमचे पणजोबा असतील, तर आत्याचा सरासरी वाटा ४४९ अपेक्षित होता. त्यांचे पणजोबा असतील तर केवळ २२४. आमचे पणजोबा त्यांच्या आजोबांचे सख्खे भाऊ असण्याची शक्यता उरत होती, कारण भावाभावांमधील हा गोंधळ सर्वांत चिवट असतो, पण त्या साखळीतही सरासरी २२९ च येत होती. एका आकड्यावर तरीही थांबू नये. त्याच पुरुषाच्या दुसऱ्या मुलाच्या मुलीने विनंतीवरून चाचणी केली, आत्याशी तिचा वाटा ३९८ आला, तेव्हाच मी नाव पेन्सिलीने लिहिले.

शाई वापरायची ती नोंदींनंतर. जन्मतारखेपासून सुमारे ३८ आठवडे मागे जावे आणि त्या काळात आई आणि संभाव्य वडील एकाच ठिकाणी असू शकत होते का, हे मतदारयादी, जनगणना, हजेरीपट, भाडेकरार अशा त्याच काळात लिहिलेल्या कागदांतून पाहावे. आमच्या बाबतीत त्या वर्षीच्या एकाच हजेरीपटात दोघांची नावे सापडली. प्रत्येक नोंदीत माहिती कोणी दिली हे आधी वाचावे. मृत्यूच्या दाखल्यावरील आईवडिलांची नावे बहुधा मुलांनी सांगितलेली असतात आणि त्यांनी त्या आजी-आजोबांना पाहिलेलेही नसते. इतरांच्या ऑनलाइन वंशावळी सुगावा म्हणून वापराव्यात, पुरावा म्हणून कधीही नाही, कारण एकाची चूक वीस जणांनी उतरवून घेतली की ती वीस साक्षीदारांसारखी दिसू लागते.

विरुद्ध बाजूचा पुरावाही मुद्दाम शोधावा. सख्ख्या भावंडांच्या नातवंडांमध्ये डीएनए जुळत नाही असे सहसा घडत नाही, त्यामुळे अशी सिद्ध झालेली व्यक्ती आपल्याशी मुळीच जुळली नाही, तर साखळीत कुठेतरी चूक आहे हे मान्य करावे. त्याच्या एक पिढी पलीकडे मात्र सुमारे दहापैकी एका जोडीत काहीच जुळत नाही, म्हणून तिथे नुसत्या अभावावरून निष्कर्ष काढू नये.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक कडीसमोर तिचा पुरावा आणि तारीख नोंदवावी, आणि हयात व्यक्तींची नावे सार्वजनिक वंशावळीत घालू नयेत. आमच्या पणजोबांचे नाव मी सर्वांत आधी आत्याला सांगितले, कारण चाचणीच्या दिवशी तिने तेवढेच मागितले होते. तिने तो हजेरीपट हातात घेतला, दोन्ही नावांवरून बोट फिरवले आणि आजोबांच्या जन्मनोंदीची प्रत शेजारी ठेवायला सांगितली.