भिंतीवरच्या टीव्हीच्या वायरी लपवताना: आधी भिंत ओळखा

टीव्ही लावायला माणूस येतो, चार भोकं पाडतो, ब्रॅकेट बसवतो आणि अर्ध्या तासात जातो. मग दिसू लागतात त्या खाली लोंबणाऱ्या वायरी: पॉवरची, सेट-टॉप बॉक्सची, साउंडबारची. त्या खरोखर लपवायच्या असतील तर तो माणूस येण्याच्या काही आठवडे आधी कामाला लागा, आणि सुरुवात भिंतीपासून करा.

पुण्यात एकाच गल्लीत तीन प्रकारच्या भिंती सापडतात. पेठांमधल्या आणि कोथरूड-सहकारनगरच्या जुन्या इमारतींत विटांच्या, नंतरच्या बऱ्याच बांधकामांत एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या, आणि हिंजवडी-वाकडकडच्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायवानच्या, म्हणजे अख्ख्या काँक्रीटच्या. टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा. प्लास्टर संपल्यावर लाल पूड आली तर वीट. पांढुरकी पूड आली आणि ड्रिल अलगद आत शिरलं तर ब्लॉक. राखाडी पूड आली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीट.

काँक्रीटच्या भिंतीला, कॉलमला किंवा बीमला झिरी, म्हणजे पाइप पुरण्यासाठीची लांब खाच, मारू नका. आत सळया असतात, आणि मायवानमध्ये त्या भिंतीच इमारतीचा भार पेलतात. ४ इंची पार्टिशनलाही खोल झिरी सोसत नाही. अशा घरात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवुड आणि पट्ट्या आणून टीव्हीमागे पॅनेल उभं करा. भिंत आणि प्लायवुडमध्ये दीड इंच जागा ठेवली की सगळ्या वायरी तिथून उतरतात. भाड्याच्या घरात तेही नको. तिथे पीव्हीसीची केसिंग-पट्टी भिंतीच्या रंगात रंगवून सरळ उभी लावा. पट्टी पाणसळ लावून ओळंब्यात बसवली तर नजर तिच्यावर अडत नाही. तिरकी गेली तर रोज खुपते.

आणखी एक गोष्ट बघा. पश्चिमेकडची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल, तर आधी ती ओल बंद करा किंवा टीव्हीसाठी दुसरी भिंत निवडा.

विटांची ९ इंची किंवा ब्लॉकची ६ इंची भिंत असेल तर झिरी मारता येते. आधी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा स्क्रीनच्या मापाने कापून भिंतीला चिकटवा आणि नेहमीच्या जागी बसून बघा. सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी स्क्रीनचा मध्य जमिनीपासून साधारण ४२ इंचांवर येतो. घरात खाली गादीवर बैठक असेल तर तो बराच खाली घ्यावा लागतो. उंची ठरली की भिंतीत बसणाऱ्या, केबल बाहेर काढायच्या दोन डब्यांच्या जागा आखा: एक टीव्हीमागे, ब्रॅकेटच्या बाजूला, आणि दुसरा खाली युनिटमागे. दोन्ही एकाच उभ्या रेषेत हवेत. आडवी झिरी टाळा, ती भिंतीला उभ्या झिरीपेक्षा जास्त कमजोर करते.

आता पाइप. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथेच आहे. आमच्या घरी २०१४ साली एचडीएमआय केबल पाइपाशिवाय थेट प्लास्टरमध्ये पुरली होती. पुढे फोर-के टीव्ही आला, त्या केबलला सेकंदाला ६० फ्रेमचं फोर-के चित्र झेपेना आणि रंगवलेली भिंत पुन्हा फोडावी लागली. म्हणून केबल कधीही थेट पुरू नका, पाइप पुरा. तोही पुरेसा रुंद हवा. एचडीएमआयचं टोक सुमारे २ सेंटिमीटर रुंद असतं, २५ मिलिमीटरच्या पाइपातून ते सुखासुखी जात नाही. ४० मिलिमीटरचा घ्या आणि एल्बो (काटकोनी जोड) न लावता वरून खाली सरळ डब्यात उतरवा.

पॉवरसाठी वेगळा, २० मिलिमीटरचा पाइप टाका. टीव्हीची स्वतःची पॉवर केबल भिंतीतून ओढायची नाही. टीव्हीमागे ५ अँपिअरचा प्लग पॉइंट काढून घ्या, दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीने आणि अर्थिंगसह. हे काम परवानाधारक वायरमनलाच द्या, आणि एमसीबी खाली केल्यावरही त्याला टेस्टर लावून खात्री करायला सांगा.

झिरी मारताना ग्राइंडरने दोन समांतर काप घ्या आणि मधला भाग छिन्नीने काढा. धूळ भयंकर उडते, त्यामुळे मास्क लावा आणि सामानावर प्लास्टिक टाका. पाइप बसवला की वर चिकन जाळी ठोकून प्लास्टर करा, नाहीतर पुढे नेमकी पाइपाच्या रेषेत भेग पडते. सिमेंटचं प्लास्टर असेल तर आठवडाभर पाणी मारा. पुट्टी आणि रंग ते पूर्ण सुकल्यावरच.

सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. एचडीएमआय केबल फोर-केसाठी १८ जीबीपीएसची आणि शक्यतो ३ मीटरच्या आत घ्या. ऑप्टिकल एचडीएमआय घेतली तर तिला दिशा असते: सोर्स लिहिलेलं टोक बॉक्सकडे, डिस्प्ले लिहिलेलं टीव्हीकडे. डिशची आरजी-६ आणि इंटरनेटची कॅट-६ याच मोठ्या पाइपातून जातात. फायबरची बारीक वायर मात्र घट्ट दुमडू नका, काच आतल्या आत तुटते.

जोडणी टीव्ही टांगण्याआधीच करून बघा. साउंडबार टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच लावा, दुसऱ्या पोर्टमधून टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जात नाही. सेट-टॉप बॉक्स टीव्हीमागे दडवलात तर रिमोटचे इन्फ्रारेड किरण तिथे पोचत नाहीत, तो खाली युनिटवरच समोर राहू द्या. वायफायचा राउटरही टीव्हीमागे नको. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहा, आणि टीव्ही पुढे ओढता येईल एवढी ढील वर सोडा.

केबल ओढताना त्यांच्यासोबत एक नायलॉनची दोरीही पाइपात सोडून ठेवा, पुढची केबल तिलाच बांधून ओढता येईल. तिची दोन्ही टोकं डब्यांमधल्या स्क्रूला गाठ मारून बांधा, नाहीतर ती आत घसरते.