जुनी लाकडी खिडकी काढून टाकण्यापूर्वी

जुन्या घरातील खिडकीची झडप नीट बसेनाशी झाली किंवा चौकटीचे खालचे लाकूड मऊ लागू लागले, की संपूर्ण खिडकीच बदलण्याचा सल्ला मिळतो. तो मान्य करण्यापूर्वी हातात टोचा घेऊन खिडकीची तपासणी करावी. अशा खिडक्यांचे लाकूड बहुधा सावकाश वाढलेल्या झाडांचे, दाट वलयांचे असते, आणि त्यांचे उभे-आडवे तुकडे कुसाच्या सांध्यांनी (एकाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून) जोडलेले असल्यामुळे खराब झालेला तेवढाच तुकडा बदलता येतो.

कूज साधारणपणे खाली सुरू होते. झडपेची खालची आडवी पट्टी, चौकटीच्या उभ्या लाकडांचे तळ आणि सांध्यांचे कोपरे येथे टोचा हलकेच दाबून पाहावा. निरोगी लाकडात तो अडतो, तर कुजलेल्या लाकडात लोण्यात शिरावा तसा शिरतो. वरून रंग गुळगुळीत असला तरी फसू नये, कारण रंगाच्या पापुद्र्याखाली लाकडाचा भुगा झालेला असू शकतो.

मात्र पटाशी उचलण्यापूर्वी पाणी कोठून येते ते शोधावे. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला पोषक परिस्थिती मिळते. चौकटीच्या बाहेर आलेल्या तळपट्टीच्या खालच्या अंगाला बहुतेकदा एक बारीक आडवी खाच असते. थेंब मागे भिंतीकडे न सरकता तेथेच तुटून खाली पडावा, हा तिचा हेतू. वर्षानुवर्षांच्या रंगाने ती बुजून जाते आणि पाणी आत वळते. अनेकदा ती खाच कोरून मोकळी करणे हीच अर्धी दुरुस्ती ठरते. मी स्वतः एकदा ही पायरी गाळून कुजलेला कोपरा भरणीने भरला आणि वर रंग दिला. दोन पावसाळ्यांनंतर ती भरणी अखंड ढेकळासारखी हातात आली.

जुना रंग काढताना सावध राहावे, कारण त्यात शिसे असू शकते. कोरडी घासणी किंवा ज्योतीचा वापर टाळावा, पृष्ठभाग ओला करून खरवडावा, योग्य मास्क वापरावा, लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे आणि सगळा चुरा गोळा करावा.

कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढावा आणि त्या जागी त्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचे थिगळ बसवावे. त्याच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच असाव्यात, आणि बाहेरच्या अंगाचा जोड बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे पाणी त्यात थांबणार नाही. जलरोधक सरसाने चिकटवून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) आवळावे आणि वाळल्यावर रंध्याने सपाट करावे. अगदी लहान खळग्यांना इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारी भरणी) चालते, परंतु लाकूड आतपर्यंत कोरडे असेल तरच. सैल झालेल्या सांध्यावर लोखंडी कोन ठोकणे मला पटत नाही. जुनी पाचर काढून नवी पाचर सरसासह ठोकल्यास सांधा पूर्ववत घट्ट होतो.

जुनी काच जपून काढावी. तिच्यातील लाटा काच कालांतराने ओघळल्यामुळे पडतात, हा गैरसमज आहे. त्या जुन्या निर्मितिपद्धतीच्या खुणा आहेत. वितळलेल्या धातूवर तरंगवून सपाट ‘फ्लोट’ काच बनवण्याची पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली, त्यामुळे अशी लहरी काच फुटली तर तिच्या जोडीची मिळणे अवघड असते. काच बसते त्या खाचेतील उघड्या लाकडाला आधी प्रायमर द्यावा, नाहीतर ते लांबीतील (काच बसवण्याच्या पुटीतील) तेल शोषून घेते आणि लांबी तडकते. चॉक पावडर व जवसाचे तेल यांच्या लांबीचा पातळ थर खाचेत देऊन त्यावर काच टेकवावी, बारीक खिळ्यांनी (चुकांनी) अडकवावी आणि बाहेरून उतरती लांबी ओढावी. तिच्यावर साय धरण्यास एक-दोन आठवडे लागतात; त्यानंतर रंग देताना तो काचेवर सुमारे २ मिलिमीटर चढवावा, म्हणजे लांबी व काच यांच्या फटीत पाणी शिरत नाही.

झडपेच्या कडांवर रंग जाड होऊ देऊ नये, कारण ती घट्ट बसण्याचे कारण पुष्कळदा तेवढेच असते. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा गोळा करून कचऱ्यात टाकू नये. त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.