सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी दिवाळीची भेट कशी निवडावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या कुटुंबांच्या नात्यागोत्यात ऐरोली, महापे, घणसोली नाहीतर वागळे इस्टेटकडे कामाला जाणारा, किंवा घरच्या जेवणाच्या टेबलावरच ऑफिस थाटून बसणारा एखादा सॉफ्टवेअर डेव्हलपर बहुधा असतोच. त्याच्या कामाची अवजारे आपल्याला कळत नाहीत आणि आपल्याला कळणाऱ्या वस्तू त्याच्याकडे आधीच असतात, म्हणून दिवाळीच्या भेटीचे घोडे अडते. निवडीतली चूक मात्र बहुधा दुकानाची पायरी चढण्याआधीच झालेली असते.

माझी तशी झाली. ऐरोलीला राहणाऱ्या भाच्यासाठी मी सेलमध्ये मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. ज्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, असा हा कीबोर्ड. वस्तू उत्तम होती. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी त्याचा फोन आला, "मावशी, कीबोर्ड झकास आहे गं, पण रात्री मी टाइप करायला लागलो की बाळ उठतं." दोन खोल्यांचे घर, रात्रीचे काम आणि आठ महिन्यांचे बाळ, या तिन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, स्विचचे प्रकार तेवढे ठाऊक नव्हते.

म्हणून पहिले काम हे की त्याच्या घरी जाऊन, चहा घेता घेता, तो बसतो ती जागा नीट पाहावी. टेबल केवढे आहे, लॅपटॉप पुस्तकांच्या ढिगावर ठेवला आहे का, वायरींचा गुंता कुठे झाला आहे आणि त्याच खोलीत आणखी कोण झोपते, एवढे पाहिले तरी अर्धी यादी आपोआप गळते. शक्य असल्यास चार्जरवरचा बारीक अक्षरांतला वॅटचा आकडा आणि लॅपटॉपच्या कडेची छिद्रे यांचा फोटो काढून ठेवावा, कारण दुकानदार पहिल्यांदा तेच विचारतो.

त्यानंतर लॅपटॉप कोणाचा आहे, हे विचारावे. तो कंपनीचा असेल तर पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क देण्याच्या फंदात पडू नये. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून अनेक कंपन्या अशी साधने बंदच करून ठेवतात. आपल्या पसंतीचे सॉफ्टवेअरही त्यावर बहुधा टाकता येत नाही. माउस आणि कीबोर्ड सहसा चालतात, पण तेही विचारून घेतलेले बरे.

आता कीबोर्डविषयी थोडे सविस्तर, कारण भेट म्हणून तो हमखास सुचतो आणि हमखास चुकतो. स्विचचे ढोबळ प्रकार रंगांवरून ओळखले जातात. निळा दाबताना स्पष्ट टकटक करतो. तपकिरी बोटाला हलकासा अडथळा जाणवून देतो, पण तसा खटका वाजवत नाही. लाल सरळ खाली जातो आणि त्यामानाने शांत असतो. घरात कोणी झोपलेले असताना काम चालत असेल तर निळा टाळावा. पूर्ण आकाराच्या कीबोर्डला साधारण 104 कळी असतात, तर उजवीकडचा आकड्यांचा भाग वगळलेल्याला 87. टेबल लहान असेल तर दुसरा घ्यावा, म्हणजे माउसला जागा उरते. स्विच काढून दुसरे बसवता येतील असा कीबोर्ड मिळाला तर आपली चूक सुधारण्याची सोय राहते. माझ्या भाच्याने पुढे तेच केले: एका रविवारी चिमट्याने 87 निळे स्विच उपटले आणि लाल बसवले.

लॅपटॉप उंच करणारा स्टँड ही मला त्याहून शहाणी भेट वाटते, कारण मान खाली घालून काम करणारा माणूस तो स्वतःहून क्वचितच विकत घेतो. मात्र पडदा डोळ्यांच्या पातळीला आला की कळीही वर जातात आणि हात लोंबकळतात, त्यामुळे वेगळा कीबोर्ड व माउस नसलेल्याला नुसता स्टँड देणे म्हणजे अर्धीच भेट. चार्जर देताना केबलकडेही लक्ष असू द्यावे. साधी सी-टाइप केबल 60 वॅटपर्यंत चालते. त्यापुढच्या चार्जरसाठी 5 अँपिअरची केबल घ्यावी लागते. ठाणे–वाशी लोकलने रोज जाणाऱ्याला आवाज दाबणारे हेडफोन आवडतील, पण ते गाडीची एकसुरी घरघर जितकी दाबतात तितकी शेजारच्यांची गप्पाटप्पा दाबत नाहीत, हे किंमत पाहण्याआधी लक्षात घ्यावे.

टी-शर्ट आणि कॉफीचे मग देऊ नयेत. ते कंपनीकडून फुकट मिळतात आणि कपाटे भरतात.

खर्च कमी ठेवायचा असेल तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून एक रबरी बदक आणावे. कोड कुठे अडला आहे हे सापडेना की टेबलावरच्या बदकाला तो ओळीओळीने समजावून सांगायचा, आणि सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते, ही या धंद्यातली जुनी रीत आहे.

वस्तूऐवजी वेळ द्यायचा असेल, म्हणजे गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातल्या प्रयोगाची तिकिटे काढायची असतील, तर त्याच्या कामाचे घड्याळ समजून घ्यावे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे न्यूयॉर्कच्या लोकांबरोबरचा संध्याकाळी साडेसातचा कॉल दिवाळीच्या आसपास साडेआठवर सरकतो. रविवार दुपारचा प्रयोग त्यातल्या त्यात सुरक्षित. शिवाय ज्या आठवड्यात त्याची ऑन-कॉलची, म्हणजे काही बिघडले तर कधीही फोन उचलून ते निस्तरण्याची, पाळी असते, त्या आठवड्यात तो नाट्यगृहातही फोन हातात धरून बसेल. तेव्हा तारीख त्यालाच विचारून तिकिटे काढावीत.

शेवटचे काम पावतीचे. ऑनलाइन घेतलेल्या वस्तू परत करण्याची मुदत अनेकदा आठ-दहा दिवसांचीच असते आणि हमीचा काळ सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून मोजला जातो. माझा कीबोर्ड सेलमध्ये आला आणि तीन आठवडे कपाटात पडून राहिला, तेवढ्यात मुदत संपली. म्हणून खरेदी दिवाळीच्या जवळच करावी, खोक्याचे सील फोडू नये, आणि जीएसटीची पावती पाकिटात घालून फराळाच्या डब्याबरोबर त्याच्या हातात द्यावी.