जुन्या गाडीचा पांढरा धूर: वाफ की कूलंट?

वारज्यात मी डबे करते. 28 डबे पोहोचवायला स्कूटर पुरेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी कोंढव्यातून 2009 सालची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली. बघायला गेले तेव्हा मालकांनी गाडी चालू करूनच ठेवली होती. "ताई, तुमची वाट बघत होतो." मला केवढं कौतुक वाटलं! गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं, हे पुढे डिसेंबरात कळलं.

सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरे लोट. पहिल्या गॅरेजमध्ये नुसतं बघून सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल." तुमच्यावर ही वेळ आली तर लगेच हो म्हणू नका. आधी दोन-चार सकाळी स्वतः बघा.

पांढरं दिसणारं सगळं धूर नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पुण्यात थंडीत पारा दहाच्या आसपास आला की गार सायलेन्सरमध्ये त्या वाफेचं पाणी होतं, नळीतून थेंबही पडतात. ही वाफ कुकरच्या शिट्टीसारखी, हातभर जाऊन विरते, आणि सायलेन्सर तापला की पाच-दहा मिनिटांत बंद होते. तेवढंच असेल तर गाडी ठणठणीत आहे, चहा प्या.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, जळत असेल तर ढग जाड असतो, विरत नाही, पार्किंगमध्ये रेंगाळतो. शिवाय वास येतो. माझ्या नाकाला तो लगेच ओळखू आला, कारण गुलाबजामचा पाक कढईच्या कडेला लागायला आला की तसाच गोडूस वास सुटतो. पण नळीला नाक लावू नका, चार पावलं मागे उभं राहिलं तरी येतो. आणि कूलंट विषारी असतं, ते जिभेला लावून बघायचा शहाणपणा नको. धुरात निळसर झाक असेल, जळक्या तेलाचा वास असेल, तर ऑइल जळतंय. तो रिंगा-सीलचा वेगळा मामला. डिझेल गाडीत पांढऱ्या धुराने डोळे चुरचुरले तर बहुधा न जळलेलं डिझेल. तिथे हीटर प्लग आणि इंजेक्टर आधी तपासायचे.

शंका आली की मार्कर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर कूलंटच्या बाटलीवर पातळीची रेघ मारा, तारीख लिहा. माझ्या बाटलीवर अजून तीन रेघा आहेत, 12, 15 आणि 18 डिसेंबर, दर वेळी बोटभर खाली. खाली पुठ्ठा अंथरला होता, तो मात्र कोरडा. पाणी कमी होतंय आणि सांडत नाही, म्हणजे ते बहुधा इंजिनात जातंय.

मग रेडिएटरचं झाकण, पण इंजिन पूर्ण गार असतानाच. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. झाकण काढून गाडी सुरू करायला सांगा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा आला तर आत अडकलेली हवा असेल. सतत खदखदत राहिलं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय, हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागामधल्या (हेडखालच्या) पट्टीवर, दाट संशय.

ऑइलचं झाकण उलटून बघा. आत दुधाळ साय दिसली तरी घाबरू नका, रोज दोनच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीतही दमटपणाने ती जमते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही चहासारखं दुधाळ झालं असेल, तर मात्र गाडी सुरूच करू नका.

माझ्या दुसऱ्या मेस्त्रींनी तिन्ही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. दोन तपकिरी, मधला घासून काढलेल्या तांब्यासारखा लख्ख. "वाफेनं धुतलाय," एवढंच बोलले. कॉम्प्रेशनही, म्हणजे आतला दाबही, त्याच सिलिंडरचं कमी भरलं.

इंजिन उतरवावं लागलं नाही, फक्त हेड. ते मशीन शॉपला देऊन वाकलंय का ते तपासायला सांगा. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं तर महिन्यात पुन्हा तेच. आधीच्या मालकांनी बोअरचं पाणी भरलेलं होतं, रेडिएटर गंजाने चोंदला होता. गाडी तापली, हेड वाकलं, गॅस्केट गेलं. म्हणून रेडिएटरही साफ करून घेतला. गळती बुजवायची पावडर मिळते, ती मी टाकली नाही. अर्ध्या चोंदलेल्या रेडिएटरमध्ये आणखी चिखल कशाला?

दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवा. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून कात्रजचा घाट चढेन, असं मनातही आणू नका.

नणंदेसाठी आता गाडी बघतेय. सकाळी साडेसहाला जाते, आधी बॉनेटवर हात ठेवते. कोमट लागलं की "उद्या येते" म्हणून परत फिरते.