पुलाखालची भिंगरी आणि दरवर्षीच्या त्याच चुका

कॅलिफोर्नियात जुने पूल पाडून नवे बांधायच्या कामांवर देखरेख करता करता माझी सतरा वर्षं गेली. काँक्रीटनं मला फार छळलं नाही. छळलं ते वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या एका पाखरानं. इथे तिला क्लिफ स्वॅलो म्हणतात, मी घरी नुसतं भिंगरी म्हणतो. मूळची कड्याकपाऱ्यांत राहणारी. माणसानं पूल बांधले, तिला तेही कडेच वाटले. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये परत यायचं आणि गर्डर (पुलाची आडवी तुळई) डेकला (वरच्या रस्त्याच्या पाटाला) मिळतो त्या कोपऱ्यात चिखलाचं तुंब्यासारखं घरटं बांधायचं, हा तिचा क्रम. एका घरट्याला चोचीनं आणलेले हजारभर गोळे लागतात, आणि एकेका पुलाखाली अशी शेकडो घरटी असतात.

स्थलांतरित पक्ष्यांसाठीचा अमेरिकेचा कायदा १९१८ चा आहे. साइटवरच्या माणसापुरता त्याचा अर्थ एवढाच: घरट्यात अंडं किंवा पिल्लू असेल तर हात लावायचा नाही. रिकामं असेल, अर्धवट बांधलेलं असेल, तर काढता येतं. सगळी गोम या रिकाम्या घरट्यात आहे. दरवर्षी एम.एस. करून आलेली नवी हुशार पोरं भेटतात, लोडचं गणित तोंडपाठ असतं, आणि दरवर्षी हीच गोम त्यांच्या हातून सुटते.

जूनचं काम, मग पक्षी मेमध्ये बघू

नदीतलं काम इथे बऱ्याच ठिकाणी १५ जून ते १५ ऑक्टोबर एवढंच करता येतं, कारण पुढे-मागे सॅमन आणि स्टीलहेड मासे चढत-उतरत असतात. म्हणजे माशांनी उन्हाळा दिला, आणि नेमका तोच पक्ष्यांनी घेतला. या दोघांच्या मधून वाट काढायची तर ती हिवाळ्यातूनच निघते. जुनी घरटी जानेवारी संपायच्या आत उतरवायची. माझा स्वतःचा नेम असा, की दिवाळीचा फराळ संपला की येणाऱ्या शनिवारी विजेरी आणि गमबूट घेऊन पुलाखाली जायचं, प्रत्येक गाळ्याचा (दोन खांबांमधल्या भागाचा) फोटो काढायचा आणि कुठल्या गर्डरला किती घरटी ते वहीत लिहायचं. वही म्हणजे कागदाची वही. ॲपवाले हसतात, हसू देत.

पूर्ण न खरवडणं, आणि एक दिवस चुकवणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिनं माझं एक अख्खं वर्ष खाल्लं.

सॅक्रामेंटोच्या उत्तरेला तीन गाळ्यांचा एक जुना पूल होता. हिवाळ्यात ठेकेदाराच्या माणसांनी घरटी काढली म्हणजे काय, तर काठीनं ठोसून खाली पाडली. तुंबा पडला, पण काँक्रीटला चिकटलेली मातीची कडी तशीच राहिली. मी म्हटलं, ब्रश मारून धुऊन घ्या. फोरमन म्हणाला, एवढ्याशा मातीनं काय होतंय? माझीही तेव्हा उमेदीची वर्षं होती, मी ताणून धरलं नाही.

एप्रिलमध्ये पाखरं आली. मग रोजचा खेळ सुरू झाला: सकाळी त्या चिखल लावणार, आम्ही लांब काठीच्या खरवडणीनं तो काढणार. अंडं पडायच्या आत काढलं तर कायद्याची हरकत नाही. पाच आठवडे हे बिनचूक चाललं. मग मे महिन्याचा शेवटचा सोमवार आला, इथली सुट्टी. शुक्रवारी दुपारीच माणसं घरी सोडली. शनिवार, रविवार, सोमवार पुलाखाली कोणी फिरकलं नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता जीवशास्त्रज्ञ बाई शिडीवर चढल्या. कोऱ्या काँक्रीटवर नुसत्या चिखलाच्या रेघा होत्या, त्यांचं काही नव्हतं. पण जिथे जुनी कडी शिल्लक होती तिथे अकरा घरटी वाडग्याएवढी भरली होती. पाया आयता मिळाला होता ना! घरटं पूर्ण व्हायची वाट न बघता भिंगरी अंडं घालते. शिवाय काही माद्या आपलं अंडं चोचीत धरून शेजारणीच्या घरट्यात नेऊन ठेवतात. बाईंनी छोटा आरसा आत घातला, बघितलं आणि खाली उतरल्या.

फोरमननं विचारलं, "किती?"

"एक दिसतंय."

"एकच?"

त्या एका अंड्यावर काम थांबलं. दोन दिवसांत अंडी असलेली घरटी चार झाली, आठवड्यात नऊ. आता हिशोब बघा. रोज एक अशी तीन-चार अंडी, मग साधारण दोन आठवडे उबवणं, मग पिल्लं उडेपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त, आणि उडाल्यावरही काही दिवस ती रात्री झोपायला घरट्यात परत येतात. सगळ्या एका दिवशी बसत नाहीत, म्हणून शेवटचं घरटं रिकामं व्हायला ऑगस्ट उजाडला. उरलेल्या दिवसांत डेक उतरला, पण पाण्यातले पिअर, म्हणजे खांब, राहिले ते पुढच्या जूनपर्यंत. क्रेन परत गेली, पुन्हा आणावी लागली. माती धुवायची वाचवलेली चार दिवसांची मजुरी कोणी मोजली नाही, वर्षाचं भाडं मात्र सगळ्यांनी मोजलं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. घरटं काढल्यावर तिथे हात फिरवला की हाताला माती लागता कामा नये. आणि खरवडायची पाळी नावानिशी लिहायची, रविवार आणि सणवार धरून. "कोणीतरी जाईल" हा माणूस कधीच जात नाही. लांब सुट्टी आली की मधली पाळी मी स्वतःकडे घेतो. मुलांना गाडीत घालून नेतो, ती नदीत दगड मारतात, मी काठी मारतो.

जाळी लावली, झोपलो निवांत

जाळी हा घाईवाल्यांचा आवडता उपाय. मला ती मनापासून आवडत नाही. २०१३ साली महामार्ग १०१ वरच्या पेटालुमा नदीच्या पुलाला लावलेल्या जाळ्यांत अडकून डझनावारी भिंगऱ्या मेल्या, लोक फोटो काढत उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी जाळ्या उतरवून टणक पृष्ठभागाचा आडोसा लावायचं ठरलं. जाळी लावताना सगळं ठीक दिसतं. पंधरा दिवसांनी ट्रकांच्या धक्क्यानं एक खिळा निघतो, कोपरा सुटतो, पाखरू त्यातून आत जातं, आणि बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. सैल जाळीत तर पाय गुंततो, मग पंख.

मी कोपऱ्यात गुळगुळीत प्लास्टिकचे पत्रे बसवून घेतो. चिखल चिकटत नाही, घसरतो. पत्र्यामागे फट राहिली तर भिंगरी मागे जाऊन बांधते, म्हणून फटी आधी बुजवायच्या. जाळीच लावायची असेल तर भोक पाऊण इंचाहून मोठं नको, ताण असा हवा की बोट मारलं तर तारेसारखी वाजली पाहिजे, आणि रोज खालून चालत बघायची. रोज बघायला माणूस नसेल तर जाळी लावू नका.

बाकीच्या, थोडक्यात

प्लास्टिकचं घुबड आणि चमकत्या पट्ट्या आणू नका. तिसऱ्या दिवशी भिंगरी त्या घुबडाशेजारीच बांधते.

"हा पक्षी स्थलांतर करत नाही, म्हणजे कायद्यात नाही." चूक. ब्लॅक फीबी बाराही महिने इथेच असते, पुलाखाली मातीचा वाडगा बांधते आणि कायद्याच्या यादीत आहे. यादीत नाहीत ते इथे बाहेरून आणलेले: चिमणी, युरोपियन साळुंकी, कबुतर. त्यात चिमणी भिंगरीचं घरटं बळकावते, तेव्हा तोंडातून कोण डोकावतंय ते आधी बघा.

"वॉशिंग्टननं नियम सैल केलाय, ऐकलं नाही का?" ऐकलं. चुकून मारल्या गेलेल्या पक्ष्यांबाबतचा कायद्याचा अर्थ २०१७ अखेर सैल झाला, २०२१ मध्ये पुन्हा कडक, २०२५ मध्ये पुन्हा सैल. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा घरट्यांना आणि अंड्यांना संरक्षण देतो, तो जागचा हललेला नाही. (आपल्याकडच्यांनीही फार हसू नये. भिंगरीची एक चुलतबहीण महाराष्ट्रातही पुलांखाली अशीच मातीची वसाहत करते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं.)

पुलाच्या सांध्यांत फोम भरण्याआधी आत विजेरी मारा. वटवाघळं असतात.

नव्या पुलावर पक्ष्यांना जागा करून दिली की ते आपोआप हलतील, हेही विसरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचा पूर्वेकडचा नवा भाग २०१३ मध्ये सुरू झाला, तिथे पाणकावळ्यांसाठी मुद्दाम फळ्या बसवल्या होत्या. पाणकावळे जुन्याच पुलावर अडून बसले. त्यांना वळवायला खोटे पाणकावळे मांडले, आवाज वाजवले, वर्षं गेली. ड्रॉइंग पक्षी वाचत नाहीत.

आणि फक्त वर बघू नका. एका साइटवर आम्ही पुलाखालचा कोपरान्‌कोपरा धुतला, पत्रे लावले, पाळ्या लावल्या, मान वर करून करून दुखायला लागली. एप्रिलमध्ये सामानाच्या आवारात, खडीच्या ढिगाऱ्याशेजारी एक किलडिअर पंख मोडल्याचं सोंग करत आमच्यापुढे लंगडत पळू लागली. ही टिटवीसारखीच, उघड्या खडीवर अंडी घालणारी. चार अंडी होती, खडीच्याच रंगाची, लोडरच्या (खडी उचलायच्या गाडीच्या) चाकापासून हातभर अंतरावर. आम्ही भोवती नारिंगी शंकू मांडले, लोडर तिथेच बंद करून ठेवला, दुसरा भाड्यानं आणला, आणि पुढचे चोवीस दिवस सगळ्या गाड्या मागच्या फाटकातून ये-जा करत होत्या.