एचआयव्हीत सीडी४ पेशी सावरायच्या तर

विषाणू रक्तात सतत फिरत राहिला की त्याच्याशी लढणाऱ्या टी पेशी (सीडी४ हा त्यांचाच एक प्रकार) थकतात. म्हणून पहिलं काम विषाणू दाबणं. ‘इम्युनिटी’च्या पावडरींनी ते होत नाही.

एआरटी (एचआयव्हीवरील उपचारांच्या) केंद्रातून बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोलुटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम, एकाच गोळीत. रोज एक, ठरल्या वेळी. जेवणाआधी की नंतर, फरक पडत नाही. विसरलात तर आठवताच घ्या, पण पुढच्या वेळी दोन नकोत.

घोळ होतो तो अ‍ॅसिडिटीच्या औषधाने. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोलुटेग्रॅविरला पोटातच धरून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर. भरल्या पोटी मात्र त्या सोबत चालतात. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डॉक्टर १२ तासांनी डोलुटेग्रॅविरची जादा ५० मिलिग्रॅमची गोळी देतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर तेही आधीच सांगा.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. तो दबला तरी सीडी४ सावकाश चढतो, कधी वर्षं लागतात. तोवर कोट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळणारं औषध) स्वतःहून थांबवू नका.